मीरासाब सांगेल तेव्हा सारवायचं

मीरासाब शिकलगाराला मी नोकरीवरून काढलं. सही साहेबांची होती, पण आदेश टाइप केला मी, आणि ज्या तक्त्याच्या आधारावर तो निघाला तो तक्ताही माझाच होता. त्यामुळं साहेबांच्या नावानं बोटं मोडत बसण्यात अर्थ नाही.

मी हिवतापाच्या ऑफिसात क्लार्क होतो. कोल्हापुरात भाड्याच्या इमारतीत खाली छापखाना आणि वर आम्ही. बासष्ट साली मीरासाब आमच्याकडं लागला. सातवी पास, अंगानं काटक, आवाज मात्र खणखणीत. त्याचे वडील चाकू-कात्र्यांना धार लावत खेडोपाडी फिरायचे. "बा दारात जाऊन धार लावायचा, मी दारात जाऊन सुई टोचतोय. धंदा त्योच की, भाऊसाहेब," असं तो पहिल्याच दिवशी मला म्हणाला.

त्याच्याकडं उचगावच्या पलीकडच्या गावा-वाड्यांची फेरी होती. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरात जायचं. कुणाला ताप आहे का, येऊन गेला का, बाहेरगावचं कुणी मुक्कामाला आलंय का, एवढं विचारायचं. ताप असला तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि दाराच्या मागं रंगवलेल्या चौकोनात तारीख घालून सही करायची. काम सांगायला दोन मिनिटांचं. ते उन्हापावसात सायकलवरून दोन हजार घरी, दर पंधरवड्याला, सात वर्षं करून बघा म्हणजे कळेल.

दुसरं काम फवारणीचं. उन्हाळा संपताना आणि श्रावणात पंपवाल्यांची टोळी यायची आणि घरातल्या भिंतींवर डीडीटी मारायची. डास भिंतीवर बसला की मरायचा. हे औषध तेव्हा परदेशातून मदत म्हणून यायचं, पुठ्ठ्याच्या मोठ्या डब्यांतून. डब्यावर चित्र असायचं, एका हातानं दुसरा हात धरलेला. बायका त्याला हातवाला डबा म्हणायच्या. पहिल्या वर्षी त्यांना औषधाचं फार कौतुक, कारण डासांच्या आधी ढेकूण मेले. दोन वर्षांनी ढेकूण त्या औषधाला सरावले आणि कौतुकही संपलं. भिंतीवर पांढरे ओघळ तेवढे दिसायला लागले.

आणि ओघळ दिसले की आमच्याकडची बाई गप्प बसत नाही. सण आला, कार्य निघालं की पहिली पांढरी माती भिजते. भिंत सारवली की औषध मातीखाली गाडलं जातं आणि वर डास खुशाल बसतो. फवारणीच्या तारखा ठरवणाऱ्या मोठ्या लोकांनी गौरीचं नावही ऐकलं नसावं, कारण श्रावणातली फवारणी नेमकी गौरी यायच्या आधी संपायची. साहेब दौऱ्यावर आले की भिंती स्वच्छ दिसायच्या आणि साहेब खूश व्हायचे.

ही गोम मीरासाबनं ओळखली. गौरी कधी, बेंदूर कधी, कुठल्या पिराचा उरूस कधी, कुणाच्या घरी लगीन ठरलंय, सगळं त्याला पाठ. तो आधी जाऊन बायकांना सांगायचा, "आजच सारवून घ्या, सोमवारी पंप येतोय." कधी टोळीलाच आठ दिवस पुढं ढकलायचा आणि कागदावर मात्र ठरलेली तारीख घालायचा. एकदा फवारणी झाली की त्याचा हुकूम एकच, "आता भितीला हात लावायचा न्हाय. अडीच म्हैनं. मी येऊन सांगीन तवा सारवायचं." आणि दिवाळीच्या तोंडावर तो खरंच घरोघरी जाऊन सांगायचा, सारवा म्हणून. माळावरच्या वस्तीत तर तो रिवाजच पडला. मीरासाब सांगेल तेव्हा सारवायचं.

माळावरची वस्ती वीस-बावीस घरांची. पहिलं घर बनाबाईचं. बनाबाई म्हणजे तोंडानं तिखट आणि शब्दाला पक्की बाई. तरुणपणी तिची दोन पोरं थंडीतापानं गेली होती, एकाच आठवड्यात. उरला तो आकाराम. चौसष्ट साली आकारामचं लगीन ठरलं आणि नेमकी त्या वर्षी पंपवाल्यांची टोळी न सांगता आठ दिवस आधी येऊन भिंती मारून गेली. लगीन आठ दिवसांवर. बनाबाईनं पांढरी माती भिजवली होती, वर नक्षी काढायला निळीच्या पुड्या आणून ठेवल्या होत्या.

मीरासाब धावत गेला. पुढं काय झालं ते त्यानंच मला अनेकदा सांगितलंय.

"आक्का, एवढं लगीन असंच हू द्या. भितीला हात लावू नगा."

"व्हय रं? पावणं दारात येतील आणि भितीवर ह्ये कुत्र्यानं मुतल्यागत वघळ? माझ्या सुनंनं ह्या भितीकडं बघत माप ओलांडायचं?"

"आक्का, औषध भितीत हाय तवर ताप घरात येत न्हाय. ह्यो माझा शबूद. तुमी न्हाय सारवायचं, मी न्हाय येऊ द्यायचा."

बनाबाईनं भिजवलेली माती अंगणात ओतली. लग्नाला आलेल्या पाहुण्यांनी नाकं मुरडली, विहीणबाई चारचौघांत बोलल्या. नवी सून झुंबर त्याच ओघळांच्या भिंतीला पाठ लावून बसली. झुंबरला हौस भारी. माहेरी तिच्या हातची भिंतीवरची वेलबुट्टी बघायला शेजारणी यायच्या. त्या वर्षी दिवाळीला मीरासाब सांगायला गेला तेव्हा ती मातीची पाटी घेऊन उभीच होती. सांगितल्या सांगितल्या तिनं हात घातला.

दरवर्षी असं चाललं. ताप गेला, असा गेला की अठ्ठावन्न-साठच्या सुमाराला जन्मलेल्या पोरांना थंडीताप म्हणजे काय ते माहीतच नव्हतं.

आणि मग आमच्या गळ्याशी आलं. आम्ही काम नीट केलं म्हणून.

अडुसष्ट सालचे आकडे मी जुळवले. आमच्या ऑफिसनं वर्षात नव्वद हजार काचपट्ट्या तपासल्या, त्यात रुग्ण सापडले सात. वरून एक साहेब आले. काटकसरीसाठीच आले होते. त्यांनी मला सांगितलं, एका रुग्णामागं खर्च किती आला तो काढा. मी वर्षाच्या सगळ्या खर्चाला सातानं भागलं. आकडा असा आला की साहेब मोठ्यानं हसले. म्हणाले, "एवढ्यात तर त्याला विलायतेला नेऊन बरा करून आणता येईल!" सगळे हसले. मीही हसलो. तक्ता सुबक काढला म्हणून माझी पाठ थोपटली. ते सात लोक सापडले एवढंच काम नव्हतं, बाकीचे लाखभर लोक तापले नाहीत हे काम होतं, आणि त्याला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी मी बोललो असतो का, कुणास ठाऊक.

काटकसर हा शब्द मला घरात मान्य आहे. माझी आई काटकसर करायची तेव्हा पहिला घास स्वतःचा कमी करायची. सरकारी काटकसरीत पहिला घास जातो तो ऑफिसात येऊन भांडत नाही त्याचा. त्याच वर्षी दौऱ्यांसाठी नवी जीप आली आणि तिला कुणी सातानं भागलं नाही. हातवाले डबेही यायचे कमी झाले. तिकडच्या देशातही म्हणे लोक विचारायला लागले होते की हिंदुस्थानातला ताप गेला तर आपला पैसा तिकडं कशाला. तिकडंही कुणीतरी माझ्यासारखाच भाऊसाहेब तक्ता घेऊन बसला असणार. देणाऱ्यानं हात आखडला, आणि घेणारे आम्ही, तो का आखडला हे विचारण्याऐवजी आपलाही आखडून मोकळे झालो.

एकोणसत्तरच्या ऑक्टोबरात आदेश निघाला. चाळीसपैकी अठ्ठावीस माणसं कमी. मीरासाबचं नाव तेविसावं होतं. तो वर आला, कागद हातात धरून त्यानं दोनदा वाचला.

"भाऊसाहेब, म्हंजे ताप गेला कायमचा?"

"गेला म्हणूनच तर."

"मग झ्याक झालं की!" तो म्हणाला, आणि खरंच हसला. त्याला वाटलं शाबासकी मिळाली. घरी जाऊन त्यानं ताजबीला, बायकोला, पेढे दिले असं नंतर कळलं. आठ दिवसांनी चूल कशी पेटणार हे त्याच्या लक्षात आलं आणि तो इचलकरंजीला माग चालवायला गेला. पुढची सात वर्षं तो तिथंच होता, आज दिवसपाळी, उद्या रातपाळी.

दिवाळी त्या वर्षी नोव्हेंबरात होती. श्रावणात फवारणी झाली होती, पण सारवा म्हणून सांगायचं राहून गेलं. माळावर कुणी गेलं नाही. उरलेल्या बारा माणसांत त्या वस्तीला पंधरवड्याची फेरी आलीच नाही, पंपही फिरून गेला नाही. मीरासाबला आठवण होती. त्यानं मला नंतर सांगितलं, "जायाचं मनात आलतं, भाऊसाहेब. खरं काय म्हणून जायाचं? खांद्याला पिशवी न्हाय, हातात कागद न्हाय. कोण मी?" लाज वाटली त्याला. मला ते समजतं. ज्यांना वाटायला हवी होती त्यांना वाटली नाही.

पुढची सहा वर्षं आमच्या ऑफिसचे अहवाल फार सुरेख होते. तपासण्या कमी, म्हणून रुग्ण कमी. एका वर्षी तर शून्य. मी तो शून्य लाल शाईनं काढला होता. रक्तच घ्यायचं नाही म्हटल्यावर सापडणार काय, कपाळ?

शहात्तरच्या पावसाळ्यात माळाखालच्या वीटभट्ट्यांच्या खड्ड्यांत पाणी साचलं आणि ताप आला. आधी भट्टीवाल्यांत, मग वस्तीत. आकारामची झुंबर सातव्या महिन्यात होती, पहिल्या दोन लेकरांनंतरचं तिसरं. एक दिवसाआड थंडी वाजून तिला ताप भरायचा. गावच्या डॉक्टरनं फ्लू म्हणून सुया दिल्या. तो तरी काय करणार, हिवताप देशातून गेला असं त्यालाही आम्हीच लेखी कळवलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिला बैलगाडीत घालून कोल्हापूरला आणताना ती वाटेतच गेली. पोटातलंही गेलं.

मला हे कळलं ते उशिरा, आणि तेही आकडा म्हणून. त्या वर्षी आमच्या यादीत सातच्या जागी अकराशे झाले होते.

मग वरच्यांची धावाधाव झाली. सत्त्याहत्तरला नवी योजना आली, नवे पंप आले, आपल्याच देशातलं औषध आलं, चित्राशिवायच्या डब्यांतून. जेवढं वाचवलं म्हणून पाठ थोपटून घेतली होती त्याच्या किती पट खर्च झाला ते मी कागदावर काढलं होतं, पण तो तक्ता कुणी मागितला नाही. जुनी माणसं रोजंदारीवर परत बोलावली. मीरासाब आला. मागाच्या खडखडाटानं त्याला कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळं आवाज आणखी चढला होता. झुंबरचं त्याला मीच सांगितलं. तो खाली बसला.

मे महिन्यात फवारणी सुरू झाली. मी तोवर हेडक्लार्क झालो होतो, कामावर देखरेख म्हणून टोळीबरोबर गेलो. माळावरच्या वस्तीत आधी कुठल्या घरात शिरायचं असं टोळीच्या मुकादमानं विचारलं. मीरासाब बनाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

बनाबाई बाहेर आली. म्हातारी झाली होती, पण ताठ. तिनं त्याला ओळखलं, ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. बाजूला झाली. आम्ही आत गेलो आणि मी भिंत बघितली.

जमीन शेणानं लख्ख सारवलेली, चूल पोतारलेली. भिंती मात्र वाळून तडकलेल्या, जागोजागी पोपडे निघालेले, आतला पेंढा दिसत होता. पांढरे ओघळ अजून कुठं कुठं होते. दारामागच्या चौकोनात शेवटची तारीख होती एकोणसत्तरची, आणि मीरासाबची सही. बाकीच्या वस्तीनं एक दिवाळी वाट बघून भिंती सारवून टाकल्या होत्या. ह्या एका घरानं सात वर्षं भिंतीला हात लावला नव्हता.

मला क्षणभर काही कळलं नाही. मीरासाबला कळलं.

"आक्का," तो म्हणाला, "सारवलं न्हाय?"

"तू कुठं सांगाय आलास?" बनाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तू म्हणालतास, मी सांगीन तवा. झुंबर दरसाल पाया पडायची माझ्या. आत्ती, एवढी भित तरी सारवू द्या म्हणायची. मी म्हणलं, न्हाय. औषध हाय भितीत. मीरासाबचा शबूद हाय. सात वरसं तिला हात लावू दिला न्हाय मी." मग तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. "आता खरं सांग. औषध हुतं का न्हवतं?"

मुकादम घाई करायला लागला. मी त्याला गप्प केलं. मीरासाबनं माझ्याकडं बघितलं, मी मान खाली घातली. तिथं बोलायचा हक्क त्याचाच होता.

"न्हवतं, आक्का. अडीच म्हैनंच टिकतंय त्ये. नंतर नुसती माती. फिरून मारायचं ऱ्हायलं, आणि मी सांगायचं ऱ्हायलो. मला काढलं हुतं."

"काढलं? कशापायी?"

"ताप गेला म्हणून."

बनाबाई आत गेली आणि पाटीभर पांढरी माती घेऊन आली. अंगणात ओतली, घागरीतलं पाणी घातलं. गुडघे धरून खाली बसायला तिला वेळ लागला. मीरासाबनं खांद्यावरची पिशवी काढून माझ्या हातात दिली, बाह्या वर केल्या आणि माती मळायला बसला. बनाबाई नको म्हणाली नाही. दोघांनी मिळून चारी भिंती सारवल्या. बनाबाई खालून जेवढा हात पोचेल तेवढी, वरची मीरासाबनं. दारामागचा चौकोन मात्र तिनं तसाच ठेवला.

मुकादम कुरकुरत होता, दिवसाचं काम मागं पडलं म्हणून. फॉर्मात, घर फवारलं नाही तर कारण लिहायचा रकाना असतो, त्यात दोनच शब्द चालतात, बंद किंवा नकार. मुकादमानं नकार लिहिलं. मी ते खोडलं आणि भिंत ओली असं लिहिलं. दोन दिवसांनी भिंत वाळल्यावर मीरासाब एकटाच पंप घेऊन गेला आणि मारून आला.

त्या दिवशी निघताना बनाबाई दारापर्यंत आली. "पगार असू दे न्हायतर नसू दे," ती त्याला म्हणाली, "ह्या खेपंला बंद केलं तर सांगाय ये."

पाच वर्षं फवारणी नीट झाली. मीरासाब दिवाळीच्या तोंडावर सांगायला जायचा, सारवा. ताप उतरला. आणि उतरला की आम्ही काय करतो ते आता तुम्हालाही माहीत झालंय. ब्याऐंशी साली ज्या गावात हजारी दोनपेक्षा कमी रुग्ण, तिथलं औषध बंद, असा हुकूम आला. रोजंदारीची माणसं कमी करायची. यादी टाइप करायला माझ्याच टेबलावर आली. माळावरची वस्ती तिच्यात होती, मीरासाबही होता.

सरकारी कागद दाबून ठेवणं हा गुन्हा आहे. तो मी केला. तीन आठवडे ती यादी माझ्या खणात होती. मीरासाबला बोलावून सांगितलं, "तेवढ्या दिवसांत काय ते कर." काय करायचं ते त्यानं विचारलं नाही. गावन् गाव, घरन् घर तो सायकलवरून फिरला. प्रत्येक दारात उभं राहून एवढंच सांगायचा, की औषध बंद झालं, भिंतीत आता काही राहणार नाही, ताप आला तर फ्लू म्हणून बसू नका, कोल्हापूरला जाऊन बोटाचं रक्त तपासून घ्या, भांडून घ्या. साहेबांनी नंतर मला मेमो दिला. तो अजून माझ्याकडं आहे.

पहिल्या दिवशी तो माळावर निघाला तेव्हा मी म्हणालो, मीही येतो. मला कॅरियरवर बसवून, वयाच्या पन्नाशीत, तो चढ चढला. बनाबाई अंगणात शेंगा निवडत होती. आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघूनच तिनं सूप खाली ठेवलं.

"आक्का, बंद झालं," मीरासाब म्हणाला. "हिथनं फुडं कोण येणार न्हाय."

"बरं."

"मच्छरदाणी घ्या जमलं तर. भट्टीच्या खड्ड्यांस्नी भर घालाय लावा. नातवांस्नी ताप आला तर थांबू नगा."

"बरं," बनाबाई म्हणाली. मग घरात वळून भिंतीकडं बघत तिनं विचारलं, "सारवू व्हय आता?"

"सारवा, आक्का."

तिनं आम्हाला चहा दिला. परत उचगावच्या रस्त्याला लागलो तेव्हा मी घड्याळात बघितलं. जाऊन, सांगून, चहा पिऊन यायला आम्हाला दीड तास लागला होता.